पोलीस केसमधून मोकळं होण्याचे कायदेशीर मार्ग: विश्वासार्ह मराठी व्हिडिओ कसा बनवावा

भरतीची मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं आणि हातात साक्षांकन नमुना आला. त्यातला एक प्रश्न वाचून मुलाचा घास घशातच अडकतो: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? चार वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं होतं, समोरच्यांनी पोलीस ठाणं गाठलं आणि घरातल्या सगळ्यांची नावं घातली. कलमं लागली तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा, म्हणजे मारहाण, शिवीगाळ आणि धमकी. खटल्याचं पुढे काय झालं हे घरात कोणालाच नीट माहीत नाही. रात्री मुलगा मोबाईलवर शोधतो, ‘पोलीस केसचं रेकॉर्ड कसं काढायचं’.

त्याला जे व्हिडिओ सापडतात त्यांतले बरेच ‘आमच्याशी संपर्क करा’ एवढंच सांगतात. काही अमेरिकेतल्या पद्धतीवर बेतलेले असतात. तिथल्या अनेक राज्यांत ठराविक मुदतीनंतर अर्ज करून जुनी नोंद पुसता येते किंवा बंद करून घेता येते. आणि काहींमध्ये सरळ सांगितलेलं असतं, ‘केस सुटली ना, मग फॉर्ममध्ये लिहू नका’. या शेवटच्या सल्ल्याने हातात आलेली नोकरी जाते. म्हणून विधी स्वयंसेवक, नवे वकील, भरती अकादमीतले शिक्षक, वस्त्यांवर काम करणारे कार्यकर्ते, ज्यांना हा विषय मराठीत नीट मांडायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कॅमेऱ्यापेक्षा मजकुरावर जास्त लिहिलं आहे, कारण या विषयात नुकसान मजकुरानेच होतं.

पहिलं काम: नोंद कुठे कुठे असते ते कागदावर मांडा

लिहायला बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर पाच चौकटी काढा.

पहिली चौकट पोलीस ठाण्याची. एफआयआर, अदखलपात्र तक्रारीची नोंद म्हणजे एनसी, चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई), तडीपारीचा प्रस्ताव हे सगळं इथे असतं आणि आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यातही असतं. दुसरी चौकट न्यायालयाची: दोषारोपपत्र, रोजनामा (तारखेतारखेच्या कामकाजाची नोंद), निकाल. याचाच चेहरा म्हणजे ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप. तिथे सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याची स्थिती कोणालाही दिसते. तिसरी चौकट बोटांचे ठसे, फोटो आणि इतर मोजमापांची. चौथी चौकट ती नोंद मागणाऱ्यांची: पासपोर्ट कार्यालय, भरती मंडळ, खासगी कंपनी. पाचवी इंटरनेटची: संकेतस्थळावर टाकलेला एफआयआर, स्थानिक बातमी, निकालपत्रांची संकेतस्थळं.

आता प्रत्येक चौकटीपुढे लिहा की इथली नोंद खरोखर नष्ट होते, की फक्त तिच्यापुढे निकाल लिहिला जातो. प्रौढ माणसाच्या बाबतीत ‘इतक्या वर्षांनी अर्ज करा, नोंद पुसून मिळेल’ असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. खटला रद्द होतो, मागे घेतला जातो, तडजोडीने संपतो, निर्दोष सुटका होते. पण गुन्हा दाखल झाला होता ही गोष्ट इतिहासात राहते. तुमचा प्रत्येक व्हिडिओ या एका सत्यावर उभा राहायला हवा. माणसाच्या हातात जे येऊ शकतं ते म्हणजे प्रकरण कसं संपलं हे दाखवणारा न्यायालयाचा कागद. तो मिळवायला त्याला मदत करणं हेच तुमच्या व्हिडिओचं काम.

नष्ट होण्याच्या दोन जागा मात्र कायद्याने दिल्या आहेत आणि त्या फार थोड्यांना माहीत आहेत. एक, अल्पवयीनांची नोंद. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे. दुसरी, २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याखाली घेतलेली मोजमापं. ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. पण ज्याला आधी कधीही शिक्षा झालेली नाही आणि ज्याची खटल्याविना सुटका झाली, किंवा जो आरोपमुक्त वा निर्दोष ठरला, त्याची मोजमापं सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर नष्ट करायची असतात. न्यायालयाने कारणं लिहून वेगळा आदेश दिला असेल तरच ती राहतात. त्यासाठीची मागणी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची असते.

एका व्हिडिओत एकच परिस्थिती

‘पोलीस केस: संपूर्ण माहिती’ असा तासाभराचा व्हिडिओ करू नका. ज्याच्यावर खटला चालू आहे आणि ज्याचा खटला संपला आहे, त्या दोघांना लागणारी माहिती वेगळी असते. एकाचं ऐकून दुसरा चुकीच्या कार्यालयात जातो. मालिका करा आणि प्रत्येक भागाच्या पहिल्या वीस सेकंदांत सांगा की हा भाग कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही.

मला विचाराल तर सुरुवात पुढच्या विषयांनी करावी.

*माझी केस नेमकी कुठवर आली आहे?* हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगी भाग. एफआयआरची प्रत कशी मिळवायची, ई-कोर्ट्सवर नावाने शोध कसा घ्यायचा, सीएनआर क्रमांक कुठे छापलेला असतो, निकालाची प्रमाणित नक्कल मिळवायला नक्कल विभागात काय अर्ज द्यायचा हे पडद्यावर दाखवा. इथेच ‘समरी’ समजावून सांगा. महाराष्ट्रात तपासाअंती पोलीस अ, ब किंवा क समरी पाठवतात: अ म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही, ब म्हणजे तक्रार द्वेषापोटी केलेली खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली, खरी किंवा खोटी असं ठाम न म्हणता येणारी. ‘साहेबांनी बी समरी केली, विषय संपला’ असं लोक धरून चालतात. दंडाधिकारी समरी मंजूर करत नाहीत तोवर विषय संपलेला नसतो. फिर्यादीला नोटीस जाते, तो हरकत घेऊ शकतो. म्हणून व्हिडिओत ‘समरी मंजुरीच्या आदेशाची नक्कल घ्या’ हे वाक्य दोनदा यायला हवं.

*दंड भरून मोकळं व्हायचं का?* या भागाला वेळ द्या. जुगाराच्या छाप्यात सापडलेला, सार्वजनिक ठिकाणच्या गोंधळासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ११०/११७ खाली पकडलेला मुलगा न्यायालयात उभा राहतो. शेजारचा कोणीतरी कानात सांगतो, ‘कबूल कर, दोनशे रुपये भर, घरी जा’. तो कबूल करतो. प्रकरण मिटलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने दोषसिद्धी पत्करलेली असते. रक्कम कितीही छोटी असो, दोषी ठरवून दंड झाला ही शिक्षाच. पुढे ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं होतं. कबुली देण्याआधी न्यायालयाला सांगून मोफत वकील मागता येतो, हे अनेकांना माहीत नसतं. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येते. त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता लागू होत नाही. मात्र हे सांगताना ‘शिक्षाच पुसली जाते’ असं म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केलं आहे की दोषसिद्धी तशीच राहते आणि ज्या वर्तनामुळे ती झाली त्यावर खातं कारवाई करू शकतं.

*भांडण मिटलंय, केस कशी मिटवायची?* वर म्हटलेली तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा ही जुनी कलमं तडजोडीला योग्य आहेत. फिर्यादी तयार असेल तर न्यायालयात तडजोड नोंदवता येते आणि कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. राष्ट्रीय लोकअदालतीतही हे होतं. अडतं ते पुढे. गावच्या भांडणात दहा-बारा जणांची नावं आली की बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमं, म्हणजे जुनी १४३ आणि १४७, लागतात. ती तडजोडीच्या यादीत नाहीत. लोकअदालतीतून माणूस हात हलवत परत येतो आणि तडजोड होऊनही केस चालूच का, हे त्याला कोणी सांगत नाही. मग उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. ग्यान सिंग प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वाद मुळात खासगी स्वरूपाचा असेल आणि खरोखर मिटला असेल, तर तडजोडीला अपात्र कलमं असली तरी उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा अशा गंभीर गुन्ह्यांत मात्र नाही. गुन्हा असा रद्द होण्याला ‘क्वॉश’ म्हणतात; हा शब्द बिनधास्त वापरा, तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवरही तो चालतो. तडजोडीशिवाय क्वॉश कधी होतं हे सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या भजनलाल निकालातले सात प्रकार उदाहरणांनी समजावता येतील, पण तो भाग वेगळा करा.

*शासनाने गुन्हे मागे घेतले म्हणतात, मग माझं नाव अजून का दिसतं?* आंदोलनांतले, टाळेबंदीतल्या १८८ चे (सरकारी आदेश मोडल्याचे) गुन्हे मागे घेण्याचे निर्णय झाले की बातमी येते आणि मुलं निश्चिंत होतात. शासन निर्णयाने खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. प्रेक्षकाला नेमकं काम द्या: बातमीचं कात्रण बाजूला ठेवा, ई-कोर्ट्सवर आपल्या खटल्यापुढे ‘निकाली’ आलं का पाहा, आणि आलं असेल तर आदेशाची नक्कल घ्या.

*घटना घडली तेव्हा तुम्ही अठरा वर्षांच्या आतले होता का?* या एका प्रश्नाने कितीतरी जणांची वाट बदलते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला (अठराच्या आत असताना गुन्ह्यात अडकलेल्या मुलाला) त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता लागत नाही. अपिलाची मुदत किंवा नियमांत दिलेला काळ संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. २०१६ च्या आदर्श नियमांत हा काळ कमाल सात वर्षं आहे. अपवाद एकच: सोळा वर्षांवरील मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला असेल तर. शिवाय कलम ७४ सांगतं की प्रकरण प्रलंबित असो, बंद झालेलं असो की निकाली, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करू नये. शाळेचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा आणि बाल न्याय मंडळाचा आदेश हे तीन कागद जपून ठेवायला सांगा.

चॅप्टर केस, तडीपारी, पासपोर्ट हे विषय नंतर घेतले तरी चालतील. पासपोर्टच्या भागात एवढं नक्की घ्या की फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असला तरी त्या न्यायालयाची परवानगी आणून कमी मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो सहसा एका वर्षाचा असतो, म्हणून अर्जातच मुदत मागायची.

फॉर्मबद्दल बोलताना

मालिकेतला एक भाग फक्त रकाने भरण्यावर हवा. त्याचा आधार सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल. त्याचं सार चार वाक्यांत सांगता येतं. विचारलेली माहिती खरी आणि पूर्ण द्यायची. खरी माहिती दिली तरी नेमणूक द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार नियुक्ती करणाऱ्याकडे राहतो. प्रकरण किरकोळ असेल तर लपवल्याबद्दलही माफी मिळू शकते, पण ती त्याच्या मर्जीवर. आणि फॉर्ममधला प्रश्न नेमका असायला हवा. जे स्पष्ट विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे.

हे चौथं वाक्य सांगताना फार जपा, कारण लोक त्यातून पळवाट काढतात. प्रत्यक्ष नमुना पडद्यावर ठेवा आणि ‘दाखल झाला होता का’, ‘प्रलंबित आहे का’, ‘शिक्षा झाली आहे का’ हे तीन प्रश्न वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. निर्दोष सुटलेल्या मुलाचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’, दुसऱ्याचं ‘नाही’, तिसऱ्याचं ‘नाही’. त्याखाली खटल्याचा क्रमांक, न्यायालय, निकालाची तारीख आणि सोबत प्रमाणित नक्कल. निर्दोष सुटका झाली म्हणजे पोलीस दलात नेमणूक मिळणारच असंही म्हणू नका. संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका आणि आरोप पूर्ण खोटे ठरून झालेली सुटका यांत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या मेहर सिंग निकालाने फरक केला आहे. हे ऐकून प्रेक्षक नाराज होईल. तरी सांगा.

मजकूर पक्का करण्याची पद्धत

प्रत्येक विधानापुढे समासात त्याचा आधार लिहा: कलम, नियम किंवा निकाल. ज्याला आधार सापडला नाही ते वाक्य काढून टाका. कायद्याचा मूळ मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून घ्या, दुसऱ्याच्या व्हिडिओवरून नको.

जुन्या-नव्या कलमांचा घोळ सगळ्यात जास्त होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्या प्रक्रियेनेच चालतात. तुमच्या प्रेक्षकांच्या कागदांवर दोन्ही प्रकारचे आकडे असणार. म्हणून पडद्यावर नेहमी जोडी दाखवा: मारहाण जुनं ३२३, नवं ११५(२), शिवीगाळ करून चिथावणं जुनं ५०४, नवं ३५२, धमकी जुनं ५०६, नवं ३५१, क्वॉशसाठी वापरायचे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार जुनं ४८२, नवं ५२८. तोंडाने जुनं कलमच म्हणा, लोकांना तेच पाठ आहे.

मसुदा फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, शक्यतो त्याच जिल्ह्यात प्रॅक्टिस करणाऱ्या. वकील कॅमेऱ्यासमोर येणार असतील तर बार कौन्सिलच्या नियम ३६ ची आठवण ठेवा. वकिलांना जाहिरात करून पक्षकार मिळवायला मनाई आहे. त्यामुळे पडद्यावर त्यांचा फोन नंबर, कार्यालयाचा पत्ता, ‘एवढ्या केसेस जिंकल्या’ असं काही नको. संपर्क द्यायचाच तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक द्या. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे वाक्य प्रत्येक भागात असू द्या.

निकालपत्रातला मजकूर पडद्यावर दाखवायला अडचण नाही. स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५२ न्यायालयाचा निकाल छापण्याची मोकळीक देतं, न्यायालयानेच मनाई केली नसेल तर. पण खासगी प्रकाशकांनी तयार केलेला सारांश आणि टिपा त्यांच्या मालकीच्या असतात. त्या उचलू नका.

बोलण्याची भाषा

मिनिटाला साधारण एकशे वीस शब्द हा वेग ठेवा. आठ मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे हजारभर शब्द, त्यापेक्षा लांबवू नका. वाक्यातून एकच काम सांगा. ‘सदर प्रकरणी अर्जदाराने सक्षम प्राधिकाऱ्याकडे’ ही भाषा कागदावर राहू द्या. तुम्ही म्हणा, ‘उद्या सकाळी कोर्टात जा. नक्कल विभाग विचारा. खटल्याचा नंबर सोबत ठेवा.’ मात्र कागदावर छापून येणारे शब्द, म्हणजे दोषारोपपत्र, निर्दोष मुक्तता, समरी, रोजनामा, ते बदलू नका. प्रेक्षकाला खिडकीवर तोच शब्द उच्चारायचा आहे आणि कागदावर तोच ओळखायचा आहे.

प्रेक्षकाशी ‘तुम्ही’ म्हणून बोला आणि त्याला ‘गुन्हेगार’ म्हणू नका. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी, जो सुटला तो सुटलेला माणूस. घरातल्यांबरोबर बसून हा व्हिडिओ पाहता यायला हवा. आई शेजारी बसलेली असेल.

विदर्भात वऱ्हाडी, सीमाभागात कानडी वळणाची मराठी, गोव्यात कोकणी मिसळलेली मराठी बोलणारा माणूस त्या त्या भागासाठी बोलला तर फार बरं. गोव्यासाठी बनवत असाल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचे दाखले काढा. तिथे तो लागू नाही. केंद्रीय कायद्यांचा भाग मात्र तसाच चालतो.

कागद, चेहरे, आवाज

खरा एफआयआर पडद्यावर दाखवू नका, नावं पुसूनही नको. गाव, तारीख, गुन्हा क्रमांक यांवरून माणूस ओळखता येतो आणि अर्धवट धूसर केलेली अक्षरं थांबवून वाचता येतात. त्याच आराखड्याचा कोरा नमुना स्वतः टाईप करा, नावाच्या जागी ‘क. ख. ग.’ आणि आडवा शिक्का ‘नमुना’. ई-कोर्ट्सचा पडदा रेकॉर्ड करताना शोधाच्या निकालात इतरांची नावं येतात. तिथे चित्र थांबवून पूर्ण पांढरी पट्टी टाका.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकाची ओळख उघड केली तर बाल न्याय कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाच्या आईची मुलाखत घेऊन मुलाचं नाव लपवलं तरी आईच्या चेहऱ्यावरून मूल ओळखू येतं. अशा वेळी आईही पडद्यावर नको.

अनुभव सांगणारी माणसं हवीत, कारण त्यांच्याच बोलण्याने प्रेक्षकाचा धीर वाढतो. पण ज्याचा खटला चालू आहे त्याला कॅमेऱ्यासमोर बसवू नका. ‘हो, त्या दिवशी माझा हात उठला होता’ हे त्याचं वाक्य पुढे पुरावा म्हणून त्याच्याच समोर येऊ शकतं. खटला संपलेल्या माणसाची संमती मराठीत, लेखी घ्या. संपादन झाल्यावर त्याला पूर्ण व्हिडिओ दाखवा आणि पुन्हा विचारा. तो नको म्हणाला तर काढा, कारण विचारू नका. ओळख लपवायची असेल तर आवाज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका, त्याचे शब्द दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. कोर्टाच्या खोलीत परवानगीशिवाय चित्रण करता येत नाही, हे वेगळं सांगायला नको; आवारातही आधी विचारा.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात. साधा मोबाईल पुरतो. पैसे खर्च करायचेच तर कॉलरला लावायच्या माईकवर करा, चित्र जरा फिकं असलं तरी चालतं, आवाज फुटला की लोक निघून जातात. पंखा बंद, खिडकीकडे तोंड, पाठीमागे साधी भिंत. पार्श्वसंगीत नको. मराठी उपशीर्षकं स्वतः टाईप करा, आपोआप तयार होणारी कलमांचे आकडे चुकवतात. आकडे मोठ्या अक्षरांत किमान पाच सेकंद पडद्यावर ठेवा, लोक त्याचा फोटो काढून घेतात.

शीर्षक आणि लघुचित्र (थंबनेल)

‘१०० टक्के रेकॉर्ड क्लीन’ असं शीर्षक देऊ नका. ते खोटं आहे आणि ते वाचून एजंटला पैसे देणारा माणूस खरा आहे. लोक जो प्रश्न विचारतात तोच शीर्षक करा: ‘निर्दोष सुटलो, तर भरतीच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं?’ बेड्या, गज, रडणारा चेहरा ही चित्रं टाळा. कागद आणि बोट, एवढं पुरे.

इंटरनेटवरचं नाव काढण्याबद्दल फार विचारणा होते. उत्तर प्रामाणिक द्या. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाचा हक्क मान्य केला, पण निर्दोष सुटलेल्याचं नाव निकालपत्रातून काढायचं का यावर न्यायालयांत एकमत झालेलं नाही. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तसा आदेश दिला आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पैसे घेऊन ‘गूगलवरून नाव काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध करा.

ज्यांची नोंद गुन्ह्याआधीच झाली

महाराष्ट्रात या विषयावर व्हिडिओ बनवताना पारधी, रामोशी, कैकाडी, बेरड या समाजांना वगळून चालणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. या जमातींना डांबलेली सोलापूरची तारेच्या कुंपणातली वस्ती अजून लोकांच्या बोलण्यात आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. चोरी झाली की आजही आधी पालावर गाडी येते. इथे प्रश्न एका केसचा नसतो, सराईत गुन्हेगारांच्या यादीचा असतो. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द केल्या आणि विमुक्त जमातींच्या (त्या जुन्या कायद्यातून मोकळ्या झालेल्या जमातींच्या) लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांना आधीच्या निकालांतल्या सूचना पाळायला सांगितलं. त्याच वर्षी अमानतुल्ला खान प्रकरणात पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये (सराईतांवर नजर ठेवण्यासाठीच्या नोंदीत) अल्पवयीनांची माहिती उघड होऊ नये असं बजावलं. हे निकाल पारधी बोलीत, त्याच समाजातल्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने सांगितले तर ते पोचतील. हा भाग यूट्यूबवर टाकून थांबू नका. पालावर, वस्तीशाळेत मोबाईलवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवा, सोबत विधी सेवा समितीचा माणूस असू द्या, आणि पाहून झाल्यावर प्रश्नांसाठी व्हिडिओएवढाच वेळ ठेवा.

प्रसिद्ध केल्यानंतर

पहिल्याच दिवशी कमेंटमध्ये लोक गुन्हा क्रमांक, गाव, फिर्यादीचं नाव लिहू लागतील. कमेंट तपासूनच दिसतील अशी सोय आधीच करून ठेवा. अशी कमेंट प्रसिद्ध करू नका आणि त्या माणसाला उत्तर मिळेल अशी वाट दाखवा: १५१००, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुका समिती. एकेकाच्या केसवर सल्ला देऊ नका, कागद न पाहता दिलेला सल्ला वकिलाचाही चुकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कागद मागवू नका. आलेच तर उत्तर देऊन मोबाईलमधून पुसून टाका.

व्हिडिओच्या सुरुवातीला आणि वर्णनात ‘ही माहिती अमुक महिन्यापर्यंतच्या कायद्यावर आधारित’ असं लिहा. हा विषय किती लवकर शिळा होतो याचं ताजं उदाहरण कोल्हापूरचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ‘क्वॉशसाठी मुंबईला जा’ सांगणारे सगळे व्हिडिओ एका दिवसात जुने झाले. म्हणून कार्यालयांचे पत्ते, शुल्क, संकेतस्थळाची वाट हा बदलणारा भाग बोलून न दाखवता वर्णनात ठेवा, तिथे तो केव्हाही दुरुस्त करता येतो.

यूट्यूबवर जुन्या दुव्याखाली नवी फाईल बसवता येत नाही. कायदा बदलला किंवा विधान चुकीचं ठरलं तर सुधारित भाग नव्याने चढवा, जुन्याच्या शीर्षकाच्या सुरुवातीलाच ‘जुनी माहिती’ असं लिहा, पहिल्या कमेंटमध्ये नव्याचा दुवा अडकवा आणि ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत जुना पाठवला होता त्याच गटांत नवा पाठवा. त्यासाठी व्हिडिओ कुठे कुठे पाठवला याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल.